कुलूप बाहेर, माणूस आत

“खिळं मारू नको, पोरी. चोराला कडी पुरती. खिळं लागल्यावर तुझंबी तोंड बंद आन् माझंबी,” असं गोजरबाई म्हणाल्या होत्या. मनकर्णा हसली होती. “मावशी, मधे एकच तर भिंत आहे. काही लागलं तर हाक मारा, मी आलेच,” असं म्हणून तिनं नवऱ्याच्या हातात हातोडी दिली होती.

मित्रांनो, मधे एकच भिंत असली म्हणजे हाक ऐकू येते, असं शिकल्यासवरल्या माणसांनाही वाटतं. मी त्या भिंतीतच राहते. मला विचारा.

मी हातखिडकी. दीड हात रुंद आणि हातभर उंच. खिडकीतून बाहेरचं दिसतं असं तुम्ही म्हणाल, पण मला बाहेरचं काही दिसत नाही. माझ्या एका अंगाला एक घर, दुसऱ्या अंगाला दुसरं. मला दोन झडपा आहेत. एक झडप इकडच्या स्वयंपाकघरात उघडते, एक तिकडच्या. मधे भिंतीच्या जाडीएवढी फळी. प्रत्येक झडपेला आपापल्या घरातून एकेक कडी. वस्तूंच्या गोष्टी तुम्ही शाळेत लिहिता, त्या बहुतेक गोड असतात. माझी तशी नाही. मला राग आलेला आहे, आणि तो गिळून गोष्ट सांगणं मला जमणार नाही.

नगर शहर संपलं की दौंडच्या रस्त्याला सरकीमाळ नावाची आमची वसाहत आहे. कापसातून सरकी वेगळी काढणारी एक गिरणी तिथे होती, तिला सगळे जिनिंग म्हणत. तेवीस वर्षांपूर्वी जिनिंगच्या मालकांनी कामगारांसाठी चोवीस घरं बांधली. बांधताना विटा वाचवल्या. दोन घरांत मिळून मधली भिंत एकच. प्रत्येक घराला पुढे एक दार, एक गजाची खिडकी. मागे दार नाही, खिडकी नाही, वर फक्त कौलं. मालकांनी त्याला टुमदार म्हटलं. राहणाऱ्या बायकांनी काय म्हटलं ते मी इथे सांगत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात एका बाईला भर दुपारी कळा सुरू झाल्या. पुरुष पाळीवर होते. तिनं आतून कडी घातलेली, आणि उठून ती काढायची ताकद नव्हती. शेजारीण भिंतीला कान लावून धीर देत राहिली, पण भिंतीतून हात जात नाही. दार फोडेपर्यंत बाळ गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका जिनिंगच्या कचेरीवर गेल्या आणि प्रत्येक भिंतीत हात जाईल एवढी वाट मागितली. मॅनेजर आबासाहेब तेव्हा तरुण होते. ते म्हणाले, नकाशात असलं काही नाही. बायका परत आल्या, त्यांनी पहारी घेतल्या आणि स्वतःच भिंतींना भगदाडं पाडली. अकोले तालुक्यातल्या राजूरकडचा छगन नावाचा सुतार त्या वेळी जिनिंगमध्ये कामाला होता. त्यानं सागाच्या फळ्यांतून मला आणि माझ्या अकरा बहिणींना घडवलं. मी कुठल्याच नकाशात नव्हते, हे ध्यानात ठेवा.

बायकांनी नियम केला. रात्री दोन्ही कड्या लावायच्या. पहाटे सडा टाकून झाला की आपापली कडी काढायची. कडी निघाली की खट् असा आवाज होतो. तो पलीकडे ऐकू गेला म्हणजे समजायचं, शेजारीण उठली, बरी आहे. नाही ऐकू आला तर जाऊन बघायचं. दोघींचं भांडण झालं तर झडप उघडू नये, तोंड बघू नये, पण कडी मात्र काढलीच पाहिजे. “बोलणं बंद, कडी बंद न्हाई,” अशी म्हणच पडली होती. दोन वर्षं एकमेकींशी न बोललेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांची कडी एक दिवससुद्धा चुकली नाही.

माझ्या फळीवरून काय काय गेलं. शेणीच्या तुकड्यावर विस्तव गेला, वाटीत विरजण गेलं, पोळ्याच्या दिवशी पुरण गेलं. तान्ही मुलं तर किती गेली. इकडची आई भाकरी थापायला बसली की पोर तिकडे, तिकडची पाण्याला गेली की दोन्ही पोरं इकडे. लोक येत आणि म्हणत, सरकीमाळसारखी वसाहत नाही. ते कौतुक माझं होतं, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते.

माझ्या पलीकडच्या घरात गोजरबाई पहिल्यापासून. त्यांचे मालक रुईच्या गाठी बांधायच्या यंत्रावर होते. ते वारले, तेव्हा गोजरबाईंना खोली सोडायला कुणी सांगितलं नाही, कारण तेव्हा जिनिंग जोरात होतं आणि एका खोलीचा हिशेब कुणी करत नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी रतनबाई राजूरच्या पलीकडे एका खेड्यात दिली होती. जावयानं एकदा तोंडावर सांगितलं होतं की सासू आमच्या दारात नको. सहा वर्षांत गोजरबाई तिकडे फिरकल्या नव्हत्या. विचारलं की म्हणत, “घाट चढवत न्हाई मला.”

इकडच्या घरात तीन वर्षांपूर्वी मनकर्णा आली. कर्जतकडची. नगरच्या कॉलेजात बी.ए. झालेली. तिचा नवरा सूर्यभान जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून. पहिल्या दिवशी तिनं मला पाहिलं आणि विचारलं, “हे कपाट आहे का?” पलीकडून झडप उघडून गोजरबाई म्हणाल्या, “व्हय, त्यात मी ऱ्हाते.” मनकर्णा एवढी दचकली की हातातली परात पडली. मग दोघी हसत बसल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. एक वर्ष पाऊस नाही, दुसऱ्या वर्षी तर मुळीच नाही. कापूसच नाही तर सरकी कुठली. जिनिंगची एक पाळी बंद झाली, मग दुसरी. लोक निघाले. कुणी खडी फोडायला दुष्काळी कामावर, कुणी साखर कारखान्यांकडे, कुणी गावी. चोवीसांतली सतरा घरं रिकामी झाली. रिकाम्या घराची आधी कौलं जातात, मग दारं, मग चौकटी. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. पहाटे एकामागून एक कड्या वाजत जायच्या, तो आवाज विरळ होत होत दोन-तीनांवर आला.

याच दिवसांत मनकर्णाला मुलगी झाली. पोर झाल्यावर बाईचे कान बदलतात. कुत्रं भुंकलं की ती दाराशी, पाऊल वाजलं की खिडकीशी. मी तिला नावं ठेवत नाही. तिला एकच प्रश्न पडला होता: या वसाहतीत पोरीला वाढवावं की नाही, इथे राहणं धोक्याचं आहे का. ती विचारत सुटली. आबासाहेब कचेरीतून म्हणाले, काही भीती नाही, आमचा पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “बाई, मी तर तिन्हीसांजेलाच गावात जातो झोपायला. हितं कोन थांबतंय.” पोस्टमन म्हणाला, पत्ता बदला. सूर्यभान म्हणाला, खोली फुकट आहे, पगार निम्मा झालाय, पाऊस पडेपर्यंत कळ काढ.

शेवटी तिनं कॉलेजची एक वही काढली, पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘राहावं’, दुसऱ्या बाजूला ‘जावं’. ‘राहावं’खाली लिहिलं: भाडं नाही, शहर जवळ. ‘जावं’खाली लिहिलं: रिकामी घरं, अनोळखी माणसं, पाणी, दिवे नाहीत. महिनाभर ती त्यात भर घालत होती. ती वही माझ्याच फळीवर असायची, म्हणून मी ती रोज वाचली. त्या पानावर कुत्र्यांची नोंद होती. गोजरबाईंचं नाव कुठल्याच बाजूला नव्हतं.

मला पहिला राग आला तो तेव्हा.

आणि गोजरबाई तर त्याच दिवसांत एक वेगळाच खेळ खेळत होत्या. जिनिंगनं ठरवलं होतं की ज्याचं नाव हजेरीपटावर नाही, त्यानं खोली खाली करावी. दर मंगळवारी कचेरीतला पुंजाराम वही घेऊन यायचा आणि कुठल्या घरात कोण आहे ते बघायचा. गोजरबाईंचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. त्यांनी शक्कल काढली. मंगळवारी सकाळी त्या गजाची खिडकी आतून लावून घेत. कुलूप-किल्ली माझ्यावरून मनकर्णाला देत. मनकर्णा बाहेर जाऊन त्यांच्या दाराला कुलूप घाली आणि किल्ली पदराला बांधी. पुंजाराम यायचा, कुलूप बघायचा, “म्हातारी कुठं?” विचारायचा. मनकर्णा सांगायची, लेकीकडे राजूरला गेल्यात. माणूस गावाला गेलं असेल तर सामान बाहेर काढायचं नाही, तोवर असाच रिवाज होता. पुंजाराम गेला की मनकर्णा कुलूप काढायची, आणि आतून गोजरबाई विचारायच्या, “काय म्हनती माझी लेक?” “बरी आहे. घाट चढवतो म्हणाली,” मनकर्णा सांगायची.

सूर्यभानला हे कळलं तेव्हा तो घाबरला. म्हणाला, मला यातलं काही सांगू नका, आबासाहेबांनी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. पुष्कळ माणसं आपला प्रामाणिकपणा असा जपतात.

मग चोरी झाली. वसाहतीच्या टोकाला एका घरातली माणसं दुपारची खडीच्या कामावर गेली होती. शेजारचं घर रिकामं. चोर त्या रिकाम्या घरात शिरला, तिथल्या हातखिडकीची झडप खांद्यानं फोडली आणि पलीकडे उतरला. दोन भांडी, एक घोंगडी आणि दळणाची ज्वारी घेऊन गेला. झालं. वसाहतीतले सगळे माझ्या जातीवर उठले. आबासाहेब म्हणाले, या खिडक्या मुळात बेकायदा आहेत, बुजवा. ज्या घराला दार नाही, चौकट नाही, जिथला पहारेकरी गावात झोपतो, तिथे चोर खिडकीमुळे आला म्हणे. आणि मनकर्णानं वहीत ‘जावं’च्या खाली लिहिलं: हातखिडकी.

माझ्या पलीकडे रिकामं घर नव्हतं, मित्रांनो. माझ्या पलीकडे माणूस होतं. पण भीतीला पलीकडचं दिसत नाही.

सूर्यभाननं आडवी फळी ठोकली. सात खिळे. एक खिळा वाकडा गेला, तो तसाच ठेवला. गोजरबाई तेव्हा जे बोलल्या ते मी सुरुवातीलाच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आपली कडी काढली, रोजच्यासारखी. खट् वाजलं. मनकर्णा इकडे पोरीला पाजत होती. तिची कडी आता फळीखाली होती, ती काय काढणार. कुलूप-किल्ली आता पुढच्या दारानं जाऊ-येऊ लागली.

आता वैशाखातल्या त्या मंगळवाराकडे येते.

सकाळी मनकर्णानं गोजरबाईंच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. नळाला पाणी त्या दिवशी येणार होतं, म्हणून गोजरबाईंचा हंडा रिकामाच होता. पुंजाराम गेला की भरू, असं दोघींचं ठरलं. आत होतं एक तांब्या पाणी. पुंजाराम आलाच नाही. आणि दहाच्या सुमाराला पोरीला उलटी झाली, मग जुलाब, मग आणखी उलटी. दुष्काळाचं पाणी, दुसरं काय. तासाभरात पोरीचे डोळे खोल गेले. मनकर्णानं तिला छातीशी धरलं, घराला कडी घातली आणि रस्त्याला लागली. छबूबाई नावाची समोरच्या ओळीतली बाई खडीवर निघाली होती. तिला तिनं एवढंच सांगितलं की सूर्यभानला दवाखान्यात पाठव. किल्ली तिच्या पदरात होती. तिच्या डोक्यात फक्त पोर होती. मी तिच्या जागी असते तर माझ्याही डोक्यात फक्त पोर असती, हे मला कबूल आहे.

गोजरबाईंनी रडणं ऐकलं, धावपळ ऐकली. त्या माझ्याशी आल्या, आपली झडप उघडली आणि मधल्या फळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “पोरी, काय झालं गं?” पण तोवर इकडचं घर रिकामं झालं होतं.

दुपार झाली. वरून कौलं तापली. खिडकी उघडली तर वारा येईल, पण पुंजाराम येईल तर दिसेल. त्यांनी खिडकी उघडली नाही. वसाहतीतली उरलेली माणसं दिवसभर खडीवर. संध्याकाळी ती परत आली, तेव्हा गोजरबाईंनी बत्त्यानं माझ्या मधल्या फळीवर ठोकायला सुरुवात केली. ओरडल्या नाहीत. ओरडलं तर वसाहतभर होईल की म्हातारी आतच आहे, आणि उद्या आबासाहेबांपर्यंत जाईल. खोली गेली तर जायचं कुठे? जावयाच्या दारात? त्या मोजून ठोकत होत्या, आणि समोरच्या ओट्यावर छबूबाई जावेला सांगत होती, “बंद घरात घुशी लई झाल्यात. म्हातारी गेल्ती राजूरला, आली न्हाई वाटतं अजून.” कुलूप दिसलं की लोकांचे कान बंद होतात. आत घुशी आहेत हे त्यांना पटतं, माणूस आहे हे पटत नाही.

तांब्यातलं पाणी रात्रीतच संपलं.

बुधवारी दुपारी सूर्यभान घरी आला. पोरीचे कपडे, एक भांडं, असं घ्यायला. त्याच्याबरोबर पुंजाराम होता. दोघं जिनिंगवरून बरोबरच निघाले होते. पुंजाराम ओट्यावर विडी पेटवत थांबला. सूर्यभान आत गाठोडं बांधत होता, तेवढ्यात फळीवर हलकेच तीन वेळा वाजलं. ठक, ठक, ठक. तो माझ्याजवळ आला. कानाजवळ तोंड आणावं तसं त्यानं फळीजवळ तोंड आणलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मावशी, गप बसा. पुंजाराम आलाय.”

आणि तो गेला. त्याला वाटलं, आपण म्हातारीला वाचवलं. किल्ली कुणाकडे आहे, ते माणूस कुठे आहे, मग कुलूप काढणार कोण, हे त्याच्या मनात आलंच नाही. कुलूप-किल्ली म्हणजे बायकांचा मामला, आणि आपण त्यातलं काही ऐकायचं नाही, असं त्यानं आधीच ठरवलेलं होतं.

मग पुंजाराम शेजारच्या दाराशी आला. त्यानं कुलूप ओढून पाहिलं. एकदा, दोनदा. गोजरबाई दाराच्या आत, त्याच्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांची झडप उघडी होती, म्हणून मी त्यांना पाहत होते. कालपासूनचा कोरडा घसा. दाराबाहेर एक माणूस, त्याच्याजवळ बहुतेक पाणीही असेल. एक शब्द बोलल्या असत्या तर दार उघडलं असतं. त्यांनी पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला. डोळे मिटून घेतले. बाहेर, हे मला मागाहून कळलं, पुंजारामानं वहीत काहीतरी लिहिलं, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर शिक्का मारला. दोन खेपा कुलूप दिसलं की घर रिकामं धरून सील करायचं, असा नवा हुकूम आला होता. तो शीळ घालत गेला.

मित्रांनो, माणसाला पाण्यापेक्षा छपराची तहान जास्त लागलेली मी त्या दिवशी पाहिली. ज्या वसाहतीत म्हातारी बाई मदत मागायला भिते, ती वसाहत राहण्याजोगी नाही, एवढं लिहिलं असतं तरी वहीचं ते पान पूर्ण झालं असतं. त्यासाठी कुत्रे मोजायची गरज नव्हती.

त्यानंतर त्या खरोखर ओरडल्या. पण तोवर ओरडायला आवाज उरला नव्हता. घशातून नुसती हवा यायची. संध्याकाळपर्यंत बत्ता उचलेना, तेव्हा त्या बोटांनी वाजवत राहिल्या. मी काय करत होते? मी सात खिळ्यांखाली होते. मला घडवलं होतं कशासाठी, आणि नेमक्या त्या दिवशी मी कपाटाचं फळकूट होऊन बसले होते.

पुढचं मला मनकर्णाच्या रडण्यातून कळलं. गुरुवारी सकाळी पोर शुद्धीवर आली, दूध पचलं. दवाखान्यात आईच्या मांडीवर पडून तिनं पदराचं टोक तोंडात घातलं आणि चावू लागली. काय चावतेय म्हणून मनकर्णानं गाठ सोडली. हातात किल्ली. ती म्हणते, त्या क्षणी तिला आपल्याच हाताची भीती वाटली. पोर सूर्यभानच्या अंगावर टाकून ती अनवाणी टांग्याकडे धावली.

दारावरचं सील तिनं पाहिलंसुद्धा नाही. कुलपाबरोबर ते फाटलं. गोजरबाई माझ्याखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान खांद्यावर. मनकर्णानं ओला बोळा त्यांच्या ओठांवर पिळला, पुन्हा पिळला. पुष्कळ वेळानं त्यांनी डोळे उघडले.

“पोरगी कशी हाय?” त्यांनी विचारलं. शब्द नव्हते, नुसती ओठांची हालचाल होती, पण ती आम्हा दोघींना कळली.

इथे गोष्ट संपली असती तर मला एवढा राग नसता. शुक्रवारी पुंजाराम आला, फाटलेलं सील पाहिलं, आणि तासाभरात स्वतः आबासाहेब हजर. सील तोडणं हा गुन्हा आहे, बाईमाणूस म्हणून पोलिसांत देत नाही, असं म्हणाले. दुपारपर्यंत खोली खाली करा. सूर्यभान खाली मान घालून उभा होता. मनकर्णा पुढे झाली. पोर कडेवर होती.

“आबासाहेब, तुमच्या वहीत घर रिकामं होतं आणि आत माणूस मरत होतं,” ती म्हणाली.

आबासाहेबांनी शांतपणे विचारलं, “कुलूप कुणी लावलं होतं, बाई?”

मला त्यांचा राग आला, कारण ते खरं बोलले होते, आणि खरं बोलून खोटेपणा करत होते. कुलूप तिनं लावलं होतं. पण कुलपाची पाळी कुणी आणली होती?

गोजरबाईंचं सामान एका पोत्यात आणि एका हंड्यात मावलं. ज्या गावाला गेल्या असं आम्ही दर मंगळवारी खोटं सांगत होतो, त्याच गावाला त्यांना खरोखर जावं लागलं. संगमनेर, अकोले, मग राजूर, अशी तीन ठिकाणी गाडी बदलायची. जाताना त्या माझ्याशी आल्या. झडपेवरून हात फिरवला आणि मनकर्णाला म्हणाल्या, “तुला बोल लावत न्हाई मी. पोर जगली ना.” मनकर्णाला त्यांनी बोल लावला असता तर बरं झालं असतं. बोल लावलेला फिटतो.

त्या गेल्यावर मनकर्णानं पहार घेऊन माझ्यावरची फळी उपटली. सातही खिळे काढले, वाकडासुद्धा. आता मी उघडी आहे आणि पलीकडे सील केलेली अंधारी खोली आहे. वहीचं ते पान तिनं फाडलं. सूर्यभान आता शहरात खोली बघतोय, मिळाली की ती जातील, आणि मग कुणीतरी मला जळणाला नेईल. माझी तक्रार नाही. पण जाण्याआधी मला तुम्हाला काही सांगायचं आहे.

तुमचे आईवडील नवी जागा बघतील तेव्हा भिंती पाहतील, कड्या पाहतील, रस्त्यावरचे दिवे पाहतील. तुम्ही शेजारी कोण राहतं ते विचारा. ते एकटं आहे का, त्याला कुणाची भीती आहे का, तेही विचारा. ज्याला हाक मारायची भीती वाटते, त्याच्या हाकेची वाट बघू नका. जाऊन बघा.

मनकर्णानं राजूरला तीन पत्रं लिहिली आहेत. एकाचंही उत्तर आलं नाही. ती म्हणते, पोर लहान आहे, वाट लांब आहे, पाऊस पडला की जाऊ. पाऊस पडून गेला. मी भिंतीत राहते, मला माणसाच्या मनातलं ऐकू येतं. तिला वाटेची भीती नाही. तिथे जाऊन काय ऐकायला मिळेल याची आहे. म्हणून परवा पत्र लिहून झाल्यावर ती माझ्या फळीवर डोकं ठेवून जे बोलली, तेच मी तुमच्यापुढे ठेवते. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी अकोल्याकडचं असेल, कुणाचा मामा राजूरच्या बाजाराला जात असेल, तर हे त्याला सांगा.

“राजूरच्या पुढं, रतनबाईचं घर विचारा. तिच्याकडे तिची आई आहे का, बघा. ओसरीवर आहे की आत आहे, तेही बघा. नुसतं घरच्यांना विचारून परत येऊ नका. तिला स्वतःला बघा.”